दोन गैरहजर

"मनोहर, टॅक्सी बोलाव. दवाखान्यात जाऊन येऊ," बाई म्हणाल्या.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"मले काही झालं नाही. तू बोलाव."

"बाई, सकाळीच मिरजगावकर साहेबांच्या बंगल्यावर जमायचं आहे. तिथून सगळ्यांना एका बसनं संसदेत नेणार आहेत. आज तर—"

"आज काय आहे ते मले माहीत आहे," असं म्हणून त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर सभागृहात नेसायची काठाची साडी नव्हती. गावाकडे नेसत तसलं साधं सुती पातळ होतं.

आमचं हे बोलणं दिल्लीत साऊथ अ‍ॅव्हेन्यूवरच्या खासदारांच्या फ्लॅटमध्ये चाललं होतं. गिरिजाबाई हातझाडे आमच्या भंडाऱ्याकडच्या मतदारसंघाच्या खासदार, आणि मी त्यांचा स्वीय सहायक. त्या दिवशी लोकसभेत आमच्याच पक्षाच्या सरकारवर विश्वासदर्शक ठराव होता. सरकार चार-दोन मतांच्या टेकूवर उभं होतं. पक्षानं सगळ्या खासदारांना व्हीप बजावला होता, म्हणजे हजर राहून सरकारच्या बाजूनं मत द्यायचंच. जो येणार नाही त्याची खासदारकी जाणार, हे दिल्लीतल्या पानवाल्यालासुद्धा माहीत होतं. दोन दिवसांपासून मिरजगावकर दर थोड्या वेळानं फोन करून "वहिनी आहेत ना घरी?" असं मला विचारत होते.

महाराष्ट्रातल्या आमच्या खासदारांची मोट बांधून ठेवणं हे मिरजगावकरांचं काम होतं. मला दिल्लीला त्यांनीच आणलं. बाईंचे यजमान नानासाहेब हातझाडे हे खासदार असतानाच वारले. पोटनिवडणुकीत पक्षानं बाईंना तिकीट दिलं आणि त्या निवडून आल्या. मी तेव्हा पक्षाच्या जिल्हा कार्यालयात टायपिंग करणारा बी.ए. झालेला पोरगा होतो. मिरजगावकर मला म्हणाले होते, "बाई साध्या आहेत. कुठं बसायचं, कधी उठायचं आणि कोणतं बटण दाबायचं, एवढं तू सांगत जा." मी सांगत गेलो. त्या ऐकत गेल्या. पोटनिवडणुकीनंतरही त्या दोनदा निवडून आल्या. प्रत्येक निवडणुकीच्या पत्रकात मी लिहायचो, 'नानासाहेबांनी शेवटच्या श्वासापर्यंत देशाची सेवा केली.' ते वाक्य मला मिरजगावकरांनीच दिलं होतं.

सभागृहात बाई फार बोलल्या नाहीत. आमच्याकडच्या जुन्या तलावांमधला गाळ काढा, एवढा एकच विषय त्यांनी पुन्हा पुन्हा मांडला. त्यावरून विरोधी पक्षाच्या व्यंकटराव कवठेकरांनी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये एकदा सगळ्यांदेखत विनोद केला होता, "हातझाडे बाईंचं तोंड गाळात रुतलंय, फक्त हात वर येतो." कवठेकर मराठवाड्यातले, पाचव्यांदा निवडून आलेले, बोलायला लागले की सभागृह गप्प बसायचं. त्या दिवशी हॉल हसला. बाईंनी मान खाली घालून चहा संपवला. तेव्हापासून कवठेकर समोरून आले की त्या वाट बदलायच्या.

म्हणूनच टॅक्सीतून सरकारी रुग्णालयाच्या दारात उतरल्यावर बाईंनी चौकशीच्या खिडकीत जे विचारलं, ते ऐकून मला काही कळेना.

"खासदार कवठेकर कोणत्या खोलीत आहेत?"

आता आठवलं. नेहमीप्रमाणे सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवला होता. त्यात बातमी होती: हृदयविकाराच्या दुसऱ्या झटक्यामुळे रुग्णालयात असलेल्या कवठेकरांना विरोधक अँब्युलन्समधून थेट संसदेत आणणार. 'आमचं एकही मत वाया जाणार नाही,' असं त्यांचे नेते म्हणाले होते. मी ते वाचून पुढच्या बातमीवर गेलो. बाईंनीही मध्ये काही विचारलं नव्हतं.

जिना चढताना एक वाईट शंका माझ्या मनात आली. मतदानाच्या सकाळी सत्ताधारी खासदार बाई गुपचूप विरोधी खासदाराच्या खोलीत जातात, याचा अर्थ दिल्लीत एकच होत असे: बाई फुटल्या. मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. एवढ्या वर्षांत मी ह्या बाईंना ओळखलंच नाही की काय, असं वाटायला लागलं.

वर खोलीबाहेर गर्दी होती. विरोधी पक्षाचे आठ-दहा कार्यकर्ते, भिंतीला टेकवलेलं स्ट्रेचर, आणि त्यांच्यामध्ये एक तरुण डॉक्टर. तो हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत होता की माझी परवानगी नाही, नेणार असाल तर तुमच्या जबाबदारीवर न्या. पांढरा कुर्ता घातलेला एक माणूस त्याची समजूत घालत होता. तो कवठेकरांचा मुलगा दिगंबर. येत्या निवडणुकीत वडिलांच्या जागी तोच उभा राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं बाईंना ओळखलं. त्याचा चेहरा बदलला. "तुम्ही? तुम्ही इथं कशाला आलात?"

"तुमच्या आईले भेटायचं आहे."

"आबांना न्यायची वेळ झालीय. नंतर भेटा."

"नंतर भेटून उपयोग नाही."

दिगंबर काही बोलणार तेवढ्यात दार आतून उघडलं आणि पद्मिनबाई बाहेर आल्या. कवठेकरांच्या पत्नी. डोक्यावर पदर, डोळे जागरणानं सुजलेले. उघड्या दारातून मला पलंग दिसला. नाकात नळी घातलेले कवठेकर उशीवर डोळे मिटून पडले होते. सभागृह गाजवणारा तो माणूस मला ओळखू आला नसता.

"मी गिरिजा हातझाडे," बाई म्हणाल्या. "दोन शब्द बोलायचे आहेत. फक्त तुमच्याशी."

पद्मिनबाईंनी बाजूच्या परिचारिकांच्या खोलीचं दार ढकललं. दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

मी बाहेर थांबलो. आत काय चाललं होतं ते मला ऐकू आलं नाही, आणि बाईंनी ते पुढेही कधी शब्दशः सांगितलं नाही. दिगंबर माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होता. एकदा थांबून त्यानं विचारलं, "तुम्ही त्यांचे पीए ना? काय प्रकार आहे हा?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. तो मी खोटं बोलतोय असं समजला. पण ते पूर्ण खरं होतं.

दार उघडलं तेव्हा पद्मिनबाईंनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं आणि मुलाला सांगितलं, "ते स्ट्रेचर खाली न्यायला सांग. ह्ये कुठंच जाणार न्हाईत."

"आई, काय बोलतेस? पक्षाचे सगळे वाट बघतायत. खाली पत्रकार उभे आहेत."

"उभे राहू देत. डाक्टर काय म्हणतोय ते ऐकलं न्हाईस का तू?"

"आबांची स्वतःची इच्छा आहे. तू ऐकलंयस."

"ऐकलंय. त्यांचं आजवर लई ऐकलं मी."

दिगंबर बाईंकडे वळला. आवाज खाली आणून बोलला, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "तुमच्या पक्षानं पाठवलंय तुम्हाला. आमचं एक मत कमी करायला. आणि आईला काहीतरी सांगून रडवलंत. आम्ही आबांना इथं ठेवायचं आणि तुम्ही तासाभरानं जाऊन बटण दाबायचं, हाच डाव आहे ना?"

मला ते एकदम पटलं. मघाची शंका गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. हाच डाव असणार. मिरजगावकरांनी मला न सांगता बाईंना पाठवलं असणार. असं वाटल्याबरोबर मला हायसंही वाटलं आणि लाजही वाटली.

खोलीसमोर भिंतीलगत लाकडी बाक होता. त्यावर बाई जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि पद्मिनबाईंना म्हणाल्या, "मी इथंच बसते. मतदान होईपर्यंत. तुमचं एक मत जाईल, तं आमचंही एक जाईल. बराबर झालं."

"आणि तुम्ही उठून गेलात तर?" दिगंबर म्हणाला.

"उठली तं तुमची गाडी खालीच आहे. तुम्ही न्या त्याइले."

कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. तरुण डॉक्टरला मराठी येत नसावं, पण स्ट्रेचर भिंतीपासून कोणी हलवत नाही हे त्याला दिसलं आणि तो खोलीत गेला.

पुढचा वेळ फार विचित्र गेला. बाई बाकावर, मी त्यांच्याशेजारी उभा. दिगंबर खाली जाऊन नेत्यांशी बोलायचा आणि पुन्हा वर येऊन बाई आहेत ना ते बघून जायचा. त्याच्या पक्षाच्या लोकांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण प्रत्येक वेळी वर येताना तो जास्त गोंधळलेला दिसायचा. मी बाईंच्या बाजूला बसलो आणि हळूच म्हणालो, "बाई, तुम्ही गेला नाहीत तर खासदारकी जाईल."

"माहीत आहे."

"मिरजगावकर साहेबांना विचारलंय का?"

"नाही."

"मग हे कोणासाठी? कवठेकरांसाठी? त्यांनी तुमच्यावर हॉलमध्ये—"

"मनोहर, पाणी मिळते का बघ."

मी पाणी आणायला गेलो. जिन्यापाशी फोनचं बूथ होतं. तिथं थांबलो. मिरजगावकरांना कळवणं माझं काम होतं, त्यासाठीच मला दिल्लीत ठेवलं होतं. पण काय कळवायचं? बाई फुटल्या म्हणून? बाई डाव खेळतायत म्हणून? का बाई आजारी माणसाच्या दारात बसल्यात म्हणून? तिन्ही वाक्यं मी मनात म्हणून पाहिली. कोणतंच पुरं होईना. मी पाणी घेऊन परत आलो.

मिरजगावकरांना कळवायची गरज पडलीच नाही. खालच्या पत्रकारांमुळे बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. दिगंबर खाली असताना आणि पद्मिनबाई नवऱ्याजवळ आत असताना ते जिना चढून आले. नेहमीप्रमाणे कडक इस्त्रीचे कपडे, केस मागे वळवलेले. मला वाटलं होतं रागावतील. ते हसत होते.

"वहिनी," ते बाईंसमोर वाकून हळू आवाजात म्हणाले, "कमाल केलीत. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. त्यांची अँब्युलन्स आत्ता परत गेली, मी स्वतः पाहिली. आता बोलावली तरी वेळेत यायची नाही. आपली गाडी मागच्या दाराला आहे. मतदानाची घंटा वाजायला अजून अवकाश आहे. चला."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे डावच होता. मिरजगावकरांनाही माहीत नव्हता, बाईंनी स्वतःच्या डोक्यानं खेळला होता. ह्या साध्या बाई. मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मी त्यांची पिशवी उचलली आणि उभा राहिलो.

बाई उठल्या नाहीत.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या.

मिरजगावकरांना आधी ऐकू आलं नसावं. "हो, चला, मी हात देतो."

"मी त्या बाईले शब्द दिला. मी इथंच बसणार."

मिरजगावकर सरळ झाले. त्यांनी खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाकाच्या कडेला बसले. आवाज अगदी मऊ केला. "वहिनी, तुमच्या भावना मी समजतो. पण शब्द देऊन झाला, काम झालं. त्या माणसाला कोणी हलवलं नाही, चांगलंच झालं. आता तुम्ही आलात म्हणून त्याला काही होणार नाही. एक तासाचं काम आहे. तासाभरात मी स्वतः तुम्हाला परत आणून सोडतो."

बाईंनी तेव्हा प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हेच म्हणाले होते तुम्ही," त्या म्हणाल्या. "वहिनी, एक तासाचं काम आहे. तासाभरात परत आणतो."

मिरजगावकरांनी खिशातून रुमाल काढला.

"मनोहरले माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पण मला सांगत होत्या हे मला कळलं. "ह्याच शहरात. दुसरा दवाखाना होता. नानासाहेबांच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणे हलवू नका. हे साहेब आले. म्हणे एका विधेयकावर मतदान आहे, एकेक मत मोलाचं आहे. मले म्हणे, वहिनी, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील ते. मी सांगतलं. मले वाटलं, मोठी माणसं म्हणतात तं असंल. कोट मीच घातला त्याइले. बटणं मीच लावली."

"नानासाहेब स्वतः तयार होते," मिरजगावकर म्हणाले.

"तयार होते. ते कोणाले नाही म्हणाले कधी?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "परत आणलं तवा ते मले ओळखत नव्हते. तिसऱ्या दिवशी गेले. साहेब, ते विधेयक किती मतांनी पास झालं होतं, आठवते तुम्हाले?"

मिरजगावकरांनी हातातल्या रुमालाची घडी केली, उलगडली.

"मले आठवते. शंभराच्या वर फरक होता. त्याइच्या मताची गरजच नव्हती. तुमच्या हजेरीत नाव लागावं म्हणून नेलं होतं. आन् मंग तुम्ही मले तिकीट दिलं. मनोहरनं पत्रकात छापलं, शेवटच्या श्वासापर्यंत सेवा केली म्हणून. मी वाचलं. काही बोलली नाही. तिकीट घेतलं आन् त्याइच्या जागी जाऊन बसली इतकी वर्षं. तुम्ही म्हणाल ते बटण दाबलं."

मी पिशवी हातात घेऊन तसाच उभा होतो. ते वाक्य मी तीन निवडणुकांत छापून घेतलं होतं, भिंतींवर रंगवून घेतलं होतं. तो शेवटचा श्वास कसा होता हे विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

मिरजगावकर वाईट माणूस होते असं मला आजही वाटत नाही. उठताना ते म्हणाले, "खासदारकी जाईल, वहिनी. मला काही करता येणार नाही."

"जाऊ द्या."

"सरकार पडलं तर लोक तुमचं नाव घेतील. कवठेकरांचं कोणी घेणार नाही, ते आजारी आहेत. तुम्ही धडधाकट आहात."

यावर बाईंनी जरा विचार केला. "हो, घेतील," त्या म्हणाल्या.

मिरजगावकर माझ्याकडे वळले. "मनोहर, तू चल. तुझं मी बघतो." ते खरं बोलत होते. त्यांनी शब्द दिला की माणसाचं काम व्हायचं. माझी बायको तेव्हा दिवसांत होती आणि मला दुसरं काही येत नव्हतं. जावं की राहावं याचा विचार करायला मी सुरुवात केली होती, तेवढ्यात ते जिना उतरून गेले. मी राहिलो. त्याला निर्णय म्हणता येईल की नाही, मला माहीत नाही.

दुपारी परिचारिकांच्या खोलीतल्या टीव्हीवर निकाल कळला. सरकार तरलं होतं, आणि तेही सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त मतांनी. कुठल्याशा लहान पक्षानं ऐनवेळी बाजू बदलली होती. मी बाईंना फरक सांगितला.

त्यांनी मनात हिशेब केला असावा. "म्हणजे मी गेली असती, ते गेले असते, तरी काही झालं नसतं."

"काहीच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. इतका वेळ बसून त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पद्मिनबाई दारात आल्या. दिगंबर जिन्यावर भेटला. त्यानं बाजूला होऊन वाट दिली, पण नमस्कार केला नाही.

कारवाईची वाट न बघता बाईंनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. वर्तमानपत्रांत तऱ्हेतऱ्हेचं आलं. एकानं लिहिलं, विरोधकांनी त्यांना फोडलं. दुसऱ्यानं लिहिलं, पक्षानंच कवठेकरांना अडवायला पाठवलं आणि मग बाईंचा बळी दिला. आमच्या गावाकडे म्हणत, बाईला दिल्लीत वेळेचं भान राहिलं नाही, पोहोचायला उशीर झाला. शेवटचं सगळ्यांना जास्त पटलं. बाईंनी कशालाच उत्तर दिलं नाही. आणि मीही कोणाला खरं सांगू शकलो नाही, कारण सांगायला लागलो की ऐकणारा विचारायचा, "पण त्यात त्यांचा फायदा काय?" आणि तिथं माझं बोलणं अडायचं.

मला भंडाऱ्यात एका वकिलाकडे टायपिंगचं काम मिळालं. रविवारी अधूनमधून मी बाईंच्या गावी जायचो. खासदारकी गेल्यावर त्यांनी तलावाच्या गाळाचं काम गावातल्या बायकांना घेऊन स्वतःच सुरू केलं होतं. दिल्लीतला विषय आमच्यात निघत नसे.

अशाच एका रविवारी त्यांच्या अंगणात एक गाडी येऊन थांबली. आधी पद्मिनबाई उतरल्या. मग काठी टेकत, अंगानं अर्धे झालेले व्यंकटराव कवठेकर.

बाई धान पाखडत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "या. बसा."

"बसायला आलो नाही," कवठेकर म्हणाले. आवाज मात्र तोच होता, सभागृहातला. "लातूरपासून इथवर गाडीत हाडं खिळखिळी झाली. एकच विचारायला आलोय."

"विचारा."

"मला कुणी विचारलं होतं का?"

बाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाच वेळा निवडून आलो. एक मतदान चुकवलं नाही. बापाच्या तेराव्याला गेलो नाही, पण सभागृहात होतो. ते माझं शेवटचं मत होतं, हे मला माहीत होतं. मेलो असतो तर तिथं मेलो असतो, माझ्या जागेवर. त्याचं मला काही नव्हतं. तुम्ही दोघी बायांनी शेजारच्या खोलीत बसून ठरवलं. मी शुद्धीवर होतो. दाराबाहेरचं सगळं माझ्या कानावर येत होतं. तोंडातून आवाज फुटत नव्हता एवढंच."

पद्मिनबाई मान फिरवून तलावाकडे बघत होत्या. हे भांडण त्यांनी घरी पुष्कळदा ऐकलेलं असावं.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "विचारायले पाहिजे होतं."

एवढ्या लवकर कबुली मिळेल असं कवठेकरांना वाटलं नव्हतं. ते काठीवर जरा डळमळले. "मग का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तं तुम्ही हो म्हणाले असते."

मी खुर्ची पुढे सरकवली. कवठेकरांनी ती पाहिलीच नाही असं दाखवलं, पण बसले.

त्यांना जेवायला थांबवायला फार वेळ लागला नाही. ओसरीवर पानं मांडली. जेवतानाही ते भांडतच होते. सरकार वाचलं हे त्यांना सोसलं नव्हतं, आणि आपल्या मतानं ते पडलं नसतं हे तर त्याहून सोसलं नव्हतं. माणसाचं मत मोजलं जावो न जावो, ते त्याचं असतं, असं काहीसं ते म्हणाले. मला ते पटलं. मग बाईंकडे पाहिलं आणि नानासाहेबांच्या कोटाची बटणं आठवली, आणि तेही पटलं.

"अहो, तुम्ही," कवठेकरांनी मला हाक मारली. "तुम्ही होता तिथं. शिकलेले दिसता. सांगा, कुणाचं बरोबर होतं?"

मी घास हातात धरून बसलो. पद्मिनबाईही माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनाही उत्तर हवं असावं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आज मला कोणी विचारलं तरी मी तसाच बसेन.

बाई भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि कवठेकरांपुढे वाकल्या.

"पुरे," कवठेकर रागानं म्हणाले, पण ताटावर हात आडवा धरला नाही.

बाईंनी वाढलं.